रखमाबाईंची गोष्ट सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या बालविभागात दर शनिवारी तुम्ही सतरंजीवर बसून गोष्टी सांगता. मुलीला सोडायला येणारी मी दाराशीच रेंगाळते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. एकोणिसाव्या शतकातल्या रखमाबाईंच्या गोष्टीबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

धाडसी स्त्रियांबद्दल शाळेत मीही खूप ऐकलं. पण पहिल्याच वाक्यात ती बाई थोर होऊन जायची, मग पुढे ऐकायला उरायचं काय? तुम्ही सुरुवात केलीत ती मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांपासून. अकराव्या वर्षी लग्न होऊनही आईकडेच राहिलेली, घरात बसून वाचणारी मुलगी. मग १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी लावलेला दावा : बायकोने नांदायला यावं. ‘नांदणं’ म्हणजे काय हे अर्ध्या मुलांना ठाऊक नव्हतं. तुम्ही गोष्ट थांबवून तो अर्थ त्यांच्याच तोंडून काढून घेतलात.

एका चिमुरडीनं विचारलं, “निकालाच्या दिवशी त्यांनी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं?” तुम्ही म्हणालात, “ते मी कुठे वाचलेलं नाही. रंग तू दे, पण तो तू दिलास हे लक्षात ठेव.” हे ऐकलं आणि तुमच्याबद्दलचा आदर दुणावला.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हळूच म्हणालात, “अपील आहे अजून.” आणि मग मार्च १८८७. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. तिथे तुम्ही उठलात. पुढचं पुढच्या शनिवारी!

तो आठवडा आमच्या घरात नुसती रखमाबाईच होती. बुधवारी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून मुलगी म्हणाली, “आई, शेवटी सुटणार हे तिला आधी माहीत होतं का?” मला घास गिळवेना. आपण १८८८ मध्ये नवऱ्याशी झालेली तडजोड, लंडनमधलं वैद्यकीय शिक्षण, १८९४ नंतर डॉक्टर म्हणून सुरतेत केलेलं काम, सगळं आधीच वाचून बसलेलो असतो. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलीपुढे त्या दिवशी फक्त तुरुंगाचं दार होतं. तुम्ही गोष्ट तोडली नसतीत, तर हे मला कधीच जाणवलं नसतं.

दुसऱ्या शनिवारी घरी आल्यावर मुलीनं सगळी गोष्ट आजीला सांगितली. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, “मला पण कुणी विचारलं नव्हतं गं.” पंधराव्या वर्षी लग्न झालं, सातवीची परीक्षा राहिली, पाटी-पुस्तकं धाकट्या भावाला गेली. या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली, पण यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. त्या बोलत राहिल्या, मुलगी मधेमधे “मग?” म्हणत राहिली, अगदी तुमच्या वर्गात म्हणतात तशी. शेंगांची परात अंधार पडेपर्यंत तशीच राहिली.

बाई, तुमचे मनापासून आभार. येत्या शनिवारी सासूबाईही यायचं म्हणताहेत. गुडघ्यांमुळे त्यांना सतरंजीवर बसता येत नाही. खुर्ची मी घरून आणीन.

आपली नम्र,
दाराशी उभी राहणारी आई