चि. मनूस

चि. मनूस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवून दिलास, त्यानंतर घरात कुणी तो विषय काढलेला नाही. आई मोबाइल उशाशी घेऊन झोपते, एवढंच. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. गोळ्यांबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. आधी चित्राबद्दल लिहितो.

पार्सल सोमवारी भडगावला आलं. गोधडीत गुंडाळून रिक्षातून घरी आणलं, ओसरीवर सोडलं. वरचा राखाडी थर खरवडून खालची गेरूची माती तू जिथे उघडी पाडली आहेस, तिथे मी हात लावून पाहिला. काही ठिकाणी रंग नखाएवढा जाड आहे, काही ठिकाणी कापडाचे धागे दिसतात. खालच्या कोपऱ्यात ती निळी रेघ आहे ना, ती मला दुसऱ्या दिवशी दिसली. मागे लाकडी पट्टीवर तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, तो आईने शोधला. जिजीला उजेडात धरून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "हाई गिरनानं गढूळ पानी शे. पोरनी पूर काढा." तुला पटेल न पटेल, पण ती त्या चित्रासमोरून उठली नाही.

मला मात्र अजिंठा आठवला. तू सहावीत होतीस, जळगावहून एस.टी.ने फर्दापूरला उतरलो होतो. एक नंबरच्या लेण्यात सगळी माणसं पद्मपाणीच्या चित्रासमोर गर्दी करून उभी, आणि तू बाजूच्या भिंतीपाशी, जिथे गिलावा गळून नुसता खडबडीत डाग उरलाय तिथे. "आप्पा, इथे काय होतं?" मला काय सांगता येणार! पुढे कॉलेजात गेल्यावर तूच मला सांगितलंस, की तो गिलावा मातीचा, त्यात भाताचा भुसा आणि गवताचे तंतू, वर गेरू, पिवळी माती, काजळी, आणि निळा तेवढा बाहेरून आणलेल्या दगडाचा. जिजी सारवायच्या मातीत कुट्टी का घालते हे मला तेव्हा नव्याने कळलं. तुझ्या चित्रातली ती उघडी पडलेली जागा बघून वाटलं, सहावीतली पोर अजून त्याच भिंतीपाशी उभी आहे.

प्रदर्शनाचं कार्ड मी सदऱ्याच्या खिशात ठेवतो. पाच नावांत तुझं तिसरं. कापसाच्या जिनिंगवर दाखवलं तर एकाने विचारलं, याला काही आकार का नाही, आणि याचे पैसे येतात का. मी त्यांना चित्रकार गायतोंडे सांगितले. जन्म नागपूरचा, आणि २०२१ साली त्यांचं एक चित्र लिलावात ४० कोटींच्या आसपास गेलं. सगळे गप्प झाले. पण मनू, तू सांगितलेल्यातलं माझ्या लक्षात वेगळंच राहिलंय. १९८४ साली त्यांना अपघात झाला, मानेला लागलं, मोठे कॅनव्हास थांबले. मग शरीराला झेपेल तेवढं करत ते कागदावर शाईची लहान चित्रं काढत राहिले, आणि पुढे पुन्हा कॅनव्हासकडे आले. मधल्या काळात ते चित्रकार राहिले नव्हते असं कुणी म्हणत नाही. तू स्वतःबद्दल का म्हणतेस?

परवा तू म्हणालीस, "रंगच माझं औषध आहे. गोळ्या घेतल्या की हात बधिर होतो, रंग लागत नाही." हे मी खोटं मानत नाही. पावसाळ्यात तू माडीवर दार लावून बसायचीस, जेवणाचं ताट तसंच परत यायचं. तेव्हा जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काळ्या रंगाचे ते थर देत होतीस म्हणून तू टिकलीस, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण जळगावला आपण गेलो त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते? या गोळ्यांचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्याव्या लागतात. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडते, जीव घाबरा होतो. हात बधिर वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतात, गोळी बदलतात, सोडायच्याच तर हळूहळू उतरवतात. केळीला घड लागला म्हणून कुणी ठिबक बंद करत नाही.

हे बघ, झालंच सुरू माझं व्याख्यान. रागावू नकोस. लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलंय ते खोडत नाही.

कलावंतांची मला भीती वाटते, ही गोष्ट खरी. चाळीसगावला कॉलेजात होतो तेव्हा स्टेशनकडे जाता-येता केकी मूस यांच्या बंगल्यावरून जायचो. एवढा मोठा छायाचित्रकार, टेबलावर कसलेकसले तुकडे मांडून फोटोत अख्खा देखावा उभा करणारा, आणि कित्येक दशकं सहसा घराबाहेर नाही. गावात सांगायचे, रोज रात्री पंजाब मेलने कुणी येईल म्हणून वाट बघतात. आम्ही पोरं ती गोष्ट चवीने सांगायचो. १९८९ च्या डिसेंबरात ते गेले. माडीचं दार लागलं की मला तो बंगला आठवायचा. लोकांना अशा गोष्टी आवडतात, दुःख असल्याशिवाय कला नाही वगैरे. माझ्या पोरीच्या बाबतीत मला असली गोष्ट नको. तुझी चित्रं साधी झाली, कमी झाली, वर्षभर झालीच नाहीत, तरी चालेल.

बापूच्या वेळचं तुला थोडंफार आठवत असेल. तोही म्हणायचा, मला काही झालं नाही, नुसती झोप येत नाही. तेव्हा जवळपास कुणी डॉक्टर नव्हता. फवारणीच्या खोलीला तेव्हापासून कुलूप आहे, किल्ली माझ्या करगोट्याला. तू बापूसारखी नाहीस, हे मी स्वतःला रोज सांगतो.

तर रात्री झोप लागते का, एवढं खरं कळव. आशाताईंनी उपकेंद्रात १४४१६ चा कागद लावलाय. मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलतात. मध्यरात्री आमची झोपमोड नको म्हणून तू गप्प बसशील, तुला ओळखतो मी. तेव्हा तो नंबर लाव. आमची झोपमोड केलीस तरी मला आनंदच आहे.

अखाजीच्या सणाला ये. अंगणातल्या निंबाला झोका बांधायचाय, जिजीने खापर काढून घासून ठेवलंय, पुरणपोळ्या आणि आमरसाचा बेत तिने कधीच जाहीर केलाय. ऊन फार आहे, दुपारच्या गाडीने निघू नकोस. चित्रं काढायची असतील तर माडी झाडून ठेवतो. दार लावलंस तरी कुणी काही म्हणणार नाही, ताट मात्र खाली येऊन जेवायचं.

तिकिटाचं कळव. त्याआधी डॉक्टरांना फोन कर.

तुझे,
आप्पा

ता. क. खात्यावर पाच हजार टाकलेत, ते रंगांनाच वापर. गोळ्यांचे किती होतात ते वेगळं सांग, त्यात काटकसर करू नकोस.