पीककर्जाची फाईल अजून टेबलांवरच फिरतेय

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या रावेर पट्ट्यात केळीच्या पीककर्जाचं रिन्युअल म्हटलं की सातबारा, आठ-अ, नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला) आणि बँकेत चार चकरा ठरलेल्याच, कारण फाईल या टेबलावरून त्या टेबलावर हातानेच जाते. आता लो-कोड सॉफ्टवेअर आलंय, त्यात फारसं प्रोग्रामिंग न करता स्क्रीनवर डबे जोडून अर्ज, तपासणी, मंजुरी अशी साखळी बनते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच १.६ लाखापर्यंतच्या किसान क्रेडिट कार्ड कर्जासाठी डिजिटल पायलट (प्रायोगिक प्रकल्प) चालू केला, डिजिटल सहीचा सातबारा पण ऑनलाईन मिळतो, तरी आमच्या शाखेत त्याचीच प्रिंट मागतात, बोला आता! अर्ज कोणाकडे अडलाय तेवढं तरी मोबाईलवर दिसू द्या. आणि हो, नकार द्यायचाच तर माणसाने समोर बसवून द्यावा, मशीनने नको.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव