सत्कार पूर्ण, सिनेमा अर्धा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चित्रपट महोत्सवाच्या समारोपाची कालच्या अंकातली बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. बातमीत दीपप्रज्वलन आहे, प्रमुख पाहुण्यांचं भाषण आहे, शाल-श्रीफळ स्वीकारणाऱ्या झाडून सगळ्यांची नावं आहेत. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ मात्र एका ओळीत उरकलाय : उपस्थितांनी चित्रपटाचा आस्वाद घेतला म्हणे. मी तिथे होते. चित्रपट शेवटपर्यंत दाखवलाच नाही, हे तुमच्या वार्ताहराला कुणी सांगितलं नाही का? की सत्कार संपल्यावर ते निघून गेले?

साडेपाचची वेळ दिली होती. साडेसात झाले तरी सत्कार चालूच. सभागृह नऊला रिकामं करायचं, हे आयोजकांना आधीपासून ठाऊक होतं. तरी भाषणातलं एक वाक्य कमी झालं नाही. कात्री लागली ती सिनेमाला. श्रेयनामावली आणि सुरुवातीचा प्रसंग गाळून चित्रपट मधूनच सुरू केला. त्या प्रसंगात एकही संवाद नाही. केरी ग्रँट सामान घेऊन घराबाहेर पडतो, मागून कॅथरिन हेपबर्न येते, त्याची गोल्फची काठी गुडघ्यावर मोडून फेकून देते. तो परत फिरतो, मूठ उगारतो, मग तिच्या तोंडावर पंजा ठेवून तिला मागे ढकलतो. एक लग्न कसं मोडलं ते एवढ्यात कळतं. हेच काढलं तर पुढे तो तिच्या दुसऱ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हसत हसत घरी का येतो, हे प्रेक्षकाला कुठून कळणार?

शेवटाचं तर विचारूच नका. आदल्या रात्रीच्या शॅम्पेनने डोकं जड झालेली ट्रेसी, म्हणजे हेपबर्न, सकाळी बाहेर येते, रात्री काय घडलं ते तिला धड आठवत नाही, आणि नेमके तिथे दिवे लागले. दारात पहारेकरी किल्ल्या घेऊन उभा. जिन्यात कॉलेजमधली एक मुलगी अगदी काकुळतीने विचारत होती, “पण मग तिनं लग्न कुणाशी केलं?” ज्या सिनेमाचा सगळा जीव याच प्रश्नात आहे, तो या प्रश्नापाशी आणून बंद करायचा आणि लोकांना घरी पाठवायचं! तेही प्रवेशमूल्य घेऊन!

तिला सांगितलं तेच इथे सांगते. नियोजित वर जॉर्ज चिडून जाब विचारतो आणि ट्रेसीच त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडते. वार्ताहर माइक, म्हणजे जेम्स स्टुअर्ट, तिला तिथल्या तिथे मागणी घालतो आणि ती नकार देते. पाहुणे खोळंबलेले असतात. त्यांना काय सांगायचं ते डेक्स्टर, म्हणजे पहिला नवरा केरी ग्रँट, तिला एकेक वाक्य पुरवत जातो आणि त्या वाक्यांतूनच पुन्हा तिचा नवरा होतो. स्टुअर्टला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, तरी माझ्या मते सिनेमा पूर्णपणे हेपबर्नचा आहे. (तिच्या वडिलांनी आपल्या बाहेरख्यालीपणाचं खापर मुलीच्या माथी मारलंय, तो प्रसंग मला आजही डाचतो. तोही पूर्ण सिनेमा बघितल्यावरच बोलायचा विषय आहे.)

दुसरं, तुम्ही छापलेलं छायाचित्र. त्याखाली ‘ऑड्रे हेपबर्न’ असं लिहिलंय. चित्रपट 1940 चा. ऑड्रे तेव्हा अकरा वर्षांची होती आणि हॉलंडमध्ये राहत होती. दोघींचं नातंही नाही. ही चूक मला फार लागली, कारण या सिनेमामागे कॅथरिनची जिद्द आहे. 1938 मध्ये थिएटरमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन तिला गल्ल्याचं विष, म्हणजे सिनेमाचा धंदा बुडवणारी नटी, ठरवलं होतं. ती खचली नाही. नाटककार फिलिप बॅरीने तिला डोळ्यांसमोर ठेवून या सिनेमाचं मूळ नाटक लिहिलं, तिने ते 1939 मध्ये ब्रॉडवेवर गाजवलं. चित्रपटाचे हक्क धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसच्या मदतीने आधीच स्वतःच्या हाती ठेवले होते. एमजीएम या स्टुडिओला ते विकताना नायिका आपणच असणार आणि दिग्दर्शक व सहकलाकार ठरवताना आपलं मत चालणार, असं तिने कबूल करून घेतलं. दिग्दर्शनासाठी जॉर्ज क्यूकर आला तो तिच्या पसंतीने. असा सिनेमा उभा करणाऱ्या बाईचं नाव आपल्या अंकात चुकीचं छापलं जावं?

नाव दुरुस्त करून छापावं, ही विनंती. आणि आयोजक हे पत्र वाचत असतील तर त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी पूर्ण चित्रपट, त्याच तिकिटावर, पहिल्या दृश्यापासून दाखवावा. एक तास बावन्न मिनिटं लागतात. व्यासपीठ मांडू नये.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, नाशिक