रांगेतले आणि बेड्यांतले

संपादक महोदय,

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याची चर्चा बडोद्यातील मराठी घरांत नेहमीच चालते. परंतु ती बहुधा एच-वन बी व्हिसापाशी (कुशल कामासाठीचा तात्पुरता परवाना) सुरू होते आणि ग्रीन कार्डापाशी (कायम वास्तव्याचा परवाना) संपते. दांडिया बाजार, रावपुऱ्यातील कितीतरी घरांतली मुले तिकडे नोकरीला असल्याने हे स्वाभाविक आहे, आणि त्यांची अडचणही खरी आहे. १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजारांवर बांधली. पती, पत्नी आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत, मग तो देश भारत असो की आइसलँड. त्यामुळे येथून गेलेला अभियंता तपाहून अधिक काळ रांगेत राहतो, मधेच नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, आणि लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले, तिथल्याच शाळेत शिकलेले मूल २१ वर्षांचे झाले की त्यांच्या अर्जातून वगळले जाते. २००२च्या कायद्याने वयाच्या मोजणीत थोडी सवलत दिली, पण इतक्या लांब रांगेत ती पुरत नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत निर्दय भाग आहे.

मात्र ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ‘ती माणसे वेगळी, आपली मुले कायदेशीर मार्गाने गेलेली’ असे म्हणून विषय मिटवला. त्या विमानात गुजरातचीही माणसे होती. विनापरवाना आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही देशाला आहे, हे मी नाकारत नाही. परंतु हातापायांत बेड्या घालून माणसे आणण्याची गरज त्या अधिकारातून निघत नाही. ज्याच्यापाशी वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याला तिथले सरकार स्थलांतर न्यायालयात वकील पुरवायला बांधील नाही, आणि त्यामुळे लहान मुलांनाही न्यायाधीशापुढे एकटे उभे राहावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर गारठून मृत्यू पावलेले डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब तर आपल्याच राज्यातले होते.

रांगेतल्यांची ग्रीन कार्डाची वाट मोकळी करणे आणि कागदपत्रे नसलेल्यांना माणुसकीने वागवणे, या दोन्ही मागण्या एकत्र केल्यास आपल्या मुलांचे काम मागे पडेल, अशी भीती मी ऐकली आहे. अनुभव तसा नाही. जून २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेल्या विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरील देशवार मर्यादा काढणे आणि कागदपत्रे नसलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग देणे, ही दोन्ही कलमे होती. तेथील संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, ते विचारातच घेतले नाही. उलट केवळ देशवार मर्यादेचा प्रश्न हाती घेणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत होऊनही अखेर कायदा झालेच नाही. स्वतःपुरते मागून आपल्याला काय मिळाले, याचा विचार व्हावा.

बडोद्याने तरी हे समजून घ्यावे. १९१३ मध्ये याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१७ मध्ये येथे नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही.

तिकडे नागरिक झालेल्या आपल्या नातेवाइकांनी आणि तेथील मराठी मंडळांनी आपापल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधींकडे या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात मांडाव्यात. येथील मराठी संस्थांनी आपल्या खासदारांना भेटून, परत पाठवल्या जाणाऱ्यांना सन्मानाने आणण्याचा आग्रह भारत सरकारने धरावा, असे सांगावे. तसेच जमीन विकून किंवा कर्ज काढून दिलेले पैसे घेऊन माणसांना जंगलांतून आणि बर्फातून सीमेपलीकडे पाठवणाऱ्या दलालांवर राज्य सरकारने खटले चालवावेत, आणि परतलेल्या माणसाला आरोपी न मानता त्या खटल्यांत साक्षीदार म्हणून संरक्षण द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे