मार्चअखेर आणि ६३ रुपये

महोदय,

मार्च उजाडला की बँकांत आणि सीएंच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. मी एका शाखेत ही धावपळ वर्षानुवर्षे केली. तेव्हा खतावण्या हाताने जुळवायचो. एकदा ६३ रुपयांच्या फरकापायी पहाटेचे दोन वाजले. फरकाला नऊने भाग गेला की आकडे उलटे पडले असावेत, हे आम्हा सगळ्यांना पाठ. तरी डोळ्यांना दिसेना. घरी झोपून आलेल्या सहकाऱ्याला सकाळी दहा मिनिटांत सापडले: १८ चे ८१ झाले होते! पुढच्या वर्षी साहेबांनी फर्मानच काढले, रात्री आठनंतर बेरजा बंद, फक्त व्हाउचर लावायची.

आता संगणक आहेत, पण रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अर्जंट’ येतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या ताणाचा परिणाम म्हणून केली. मग कर्मचाऱ्यालाच योगासने शिकवून काय होणार? १ एप्रिलला ग्राहकांना बँक बंद. आतली माणसे त्या दिवशीही कामावरच असतात. त्यांना एप्रिलमध्ये हक्काची बदली रजा मिळावी, तीही न मागता.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली