कालबाह्य ड्रायव्हरची पाने काढून टाका

महोदय,

धुळ्यातील एका तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत मी शिकवतो. गेल्या आठवड्यात शिरपूर तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी अख्खी दुपार नेटवर्क कार्डाशी झगडत बसला होता. त्याच्यासमोरच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेत आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटात बसणाऱ्या कार्डावरचा जम्पर (सेटिंग ठरवणारी छोटी जोडपट्टी) कसा बसवावा, आयआरक्यू ५ (प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी कार्डाला दिलेला क्रमांक) कसा द्यावा आणि त्यासाठीच्या ओळी ‘मॉड्यूल्स.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलीत कशा लिहाव्यात, हे तपशीलवार छापलेले होते. त्याच्या संगणकात मात्र ना तो स्लॉट होता, ना ती फाइल. नेटवर्कची चिप मदरबोर्डवरच होती आणि कर्नलने, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, ती केव्हाच ओळखलेली होती. सैल होती ती फक्त केबल.

थ्रीकॉम कंपनीच्या ३सी५०१ या आठ-बिटी आयएसए नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्स कर्नलमधून २०१३ मध्येच वगळला गेला. ड्रायव्हर गेला की त्याची कागदपत्रेही जायला हवीत. कर्नलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीच्या इतिहासात जुना मजकूर शाबूत राहतोच, अभ्यासासाठी ज्याला हवा असेल त्याने तो तिथून खुशाल काढावा. आमच्याकडे मात्र पुस्तिकेला दरवर्षी नवी पाने जोडली जातात आणि जुनी काढायला कुणाचा हात धजत नाही. ‘असू द्या, कामी येईल’ हा माळ्यावरच्या भांड्यांचा न्याय इथे लागू होत नाही, कारण माळ्यावरची घागर निदान कुणाला चुकीचे काही शिकवत नाही.

पुढील सत्रापूर्वी संस्थांनी अशी पाने काढावीत, आणि एखादी प्रत ग्रंथालयात ठेवायचीच झाल्यास तिच्यावर ‘कालबाह्य’ असा ठळक शिक्का मारावा, ही विनंती.

— एक संगणक शिक्षक, धुळे