काका, तो पांढरा रुमाल मी जपून ठेवलाय

काका, सप्रेम नमस्कार.

परवा गाडी चालू असताना इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान पुन्हा मोजलं. बाहेर ३१ अंश आणि पाइपात ३४. आकडा बघितला आणि आधी तुमची आठवण आली. समोरासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या मते इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा नवा मार्ग, तयार होता. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप कापला होता, वळणं जुळवली होती, सिलिकॉनचे जोड आणि क्लॅम्प आणले होते, टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर होता. बसवण्याआधी एकदा नजर टाका, एवढंच म्हणालो. तुम्ही खिशातून पांढरा रुमाल काढलात, बोटाला गुंडाळून पाइपाच्या आतून फिरवलात आणि उजेडात माझ्यासमोर धरलात. त्यावर राखाडी चमचम होती. सेन्सरसाठी भोक पाडताना आणि कडा कानसताना उडालेला अ‍ॅल्युमिनियमचा कीस! "हा पाइप फिल्टरच्या आधी येतो की नंतर?" तुम्ही विचारलंत. नंतर. म्हणजे त्यातला कण न् कण थेट सिलिंडरकडे गेला असता, वाटेत त्याला अडवायला काहीही नव्हतं. त्या दिवशी आपण पाइप साबणाच्या पाण्याने तीनदा धुतला, वाळवला, आणि रुमाल कोरा निघेपर्यंत पुसला. तो रुमाल मी तुम्हाला परत दिलेला नाही आणि देणारही नाही.

तेव्हाच तुम्ही आणखी एक गोष्ट बोलून गेला होता. "हवा मोजणाऱ्या सेन्सरचं मूळ घर का काढलंस?" मला वाटलं, ६० मिलिमीटरच्या घराऐवजी ६५चा पाइप म्हणजे हवेला वाट मोकळी. मी ऐकलं नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

आठवड्याभरात डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, आरपीएमचा काटा वरखाली व्हायचा, सिग्नल सुटला की पिकअपला गाडी अडखळायची. स्कॅनरवर कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. मी सेन्सरच खराब झाला म्हणून नवा आणायला निघालो होतो, तुम्ही थांबवलंत. "आधी ट्रिम वाच, दोन ठिकाणी वाच." ऑक्सिजन सेन्सरवरून गाडीचा संगणक पेट्रोलमध्ये जी वाढ-घट करतो तिची ती टक्केवारी. आयडलवर ती अधिक २६ होती आणि २५०० आरपीएमला अधिक १७.

त्या दोन आकड्यांवरून तुम्ही मला जे शिकवलंत, ते जवळ बसवून कुणी शिकवलं नव्हतं. सेन्सरमधली तापलेली तार हवेने गार होते आणि तिला गरम ठेवायला किती वीज लागते त्यावरून हवा मोजली जाते. पण तार बघते फक्त पाइपाच्या मधली थोडीशी हवा, बाकीचा हिशोब संगणक ६० मिलिमीटर धरूनच करतो. ६५च्या पाइपाचं क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी जास्त. तेवढीच हवा जास्त जागेतून सावकाश जाते, तारेला ती कमी वाटते, पेट्रोल कमी सुटतं. ही चूक सगळ्या वेगांना सारखीच राहते, म्हणून २५०० आरपीएमलाही १७. मग आयडलवरचे वरचे ९ कुठून आले? तुम्ही टॉर्च घेऊन थेट ब्रीदर पाइपावर, म्हणजे इंजिनाच्या पोटाला हवा खेळती ठेवणाऱ्या नळीवर गेलात. तो मी इनटेकला परत न जोडता मोकळा ठेवून त्याच्या तोंडावर छोटा फिल्टर लावला होता. तिथून आत जाणारी हवा सेन्सरला दिसतच नव्हती. आयडलवर एकूण हवाच थोडी, त्यामुळे ही गळती तिथे जास्त जाणवते. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो.

मूळ घर परत बसलं, त्याच्या आधी सरळ पाइपाचा तुकडा ठेवला, म्हणजे वळणातून फिरत आलेली हवा सेन्सरपाशी शांत होईल. ब्रीदरसाठी सेन्सरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) बाजूला नळी काढली. (ते भोक पाडल्यावर रुमाल मी न सांगता फिरवला.) या सगळ्या दुरुस्तीत "सांगितलं होतं ना तुला" हे शब्द तुमच्या तोंडून एकदाही आले नाहीत. काका, माझ्यासाठी ते फार मोठं होतं.

तापमानाचं कामही तुमच्याच आग्रहामुळे नीट झालं. उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला तेव्हा गर्दीत पाइपातली हवा ५८ अंशांवर गेली होती, बाहेर ३१ असताना. ३ अंश वाढले की हवा साधारण १ टक्क्याने विरळ होते, हा तुमचा हिशोब लावला तर कोल्ड एअर इनटेक म्हणून मी इंजिनाला ८-९ टक्के विरळ हवा पाजत होतो. मग पुठ्ठ्याचा साचा कापून पत्र्याची पेटी केली, वरच्या कडेला रबराची पट्टी लावली, बॉनेट बंद झालं की ती दाबून बसते. पेटीचं तोंड जाळीमागच्या मूळ वाटेकडे वळवलं. मला फिल्टर खाली बंपरजवळ न्यायचा होता, तिथे हवा जास्त गार असते. तुम्ही ठाम नकार दिलात. पाणी दाबलं जात नाही. एकदा का साचलेल्या पाण्यातून सिलिंडरमध्ये ओढलं गेलं की पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. त्या एका नकाराने माझं इंजिन वाचलं असं मी मानतो.

कंपनीच्या मूळ फिल्टरच्या डब्यात चालत्या गाडीत ३७ अंश यायचे, आता ३४. म्हणजे फरक १ टक्क्याचा, आणि तो एवढाच असेल हे तुम्ही पाइप कापायच्या आधीच सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मी तुमच्याकडे आलो तो पाइप कापूनच. आवाज मात्र भारदस्त झालाय, आणि बॉनेटखालच्या प्रत्येक जोडाची मला आता खात्री आहे. ही खात्री तुम्ही दिलेली आहे.

तुमचा स्कॅनर अजून माझ्याकडेच आहे. ट्रिम आता अधिक ३वर स्थिरावलाय, आयडललाही आणि २५००लाही. रविवारी स्कॅनर घेऊन येतो. तो ३ तसाच सोडायचा की एखादा क्लॅम्प पुन्हा बघायचा, ते तुम्ही सांगाल तसं करू.

तुमचा,
पाइप तीनदा धुणारा